झेड-४चा निरोप आणि राहून गेलेली ‘एम’

बीएमडब्ल्यूने झेड-४ या आपल्या दोन आसनी, उघड्या छपराच्या मोटारीची अखेरची आवृत्ती २०२५ मध्ये जाहीर केली. त्या आवृत्तीत चमक नसलेला काळा रंग होता, आसनांवर लाल धाग्याची शिवण होती आणि ‘फायनल एडिशन’ हे नाव होते. इंजिनाच्या ताकदीत मात्र एका अश्वशक्तीचीही भर नव्हती. युरोपात ३४० आणि अमेरिकेत ३८२ अश्वशक्ती देणारे तेच तीन लिटरचे, सहा सिलिंडरचे इंजिन घेऊन ही मोटार निरोपाला उभी राहिली. ‘एम ४० आय’ या नावात ‘एम’ हे अक्षर होते खरे. पण ज्याला बीएमडब्ल्यूचे चाहते खरी ‘एम’ मोटार म्हणतात, ती झेड-४ या पिढीत कधी अवतरलीच नाही.

रोडस्टर बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीपुढे केव्हा ना केव्हा हा प्रश्न येतो. मुळात हौसेसाठी विकत घेतल्या जाणाऱ्या मोटारीची आणखी वेगवान, आणखी महाग आवृत्ती काढावी का? बीएमडब्ल्यूने या प्रश्नाला दोनदा ‘होय’ आणि दोनदा ‘नाही’ असे उत्तर दिले आहे. त्यामुळे दोन्ही उत्तरांचे परिणाम एकाच कंपनीच्या इतिहासात तपासता येतात, ही अभ्यासकांसाठी दुर्मीळ सोय म्हणावी लागेल.

पहिला होकार झेड-३ला मिळाला. अमेरिकेतील स्पार्टनबर्गच्या कारखान्यात तयार होणारी ही मोटार १९९५ मध्ये ‘गोल्डनआय’ या जेम्स बाँडपटात झळकली आणि जगभर पोहोचली. दिसायला देखणी असली तरी सुरुवातीची तिची चार सिलिंडरची इंजिने तिच्या लांबलचक नाकाला शोभणारी नव्हती. १९९७ मध्ये बीएमडब्ल्यूच्या ‘एम’ विभागाने तिच्यात तत्कालीन ‘एम ३’ मोटारीचे ३.२ लिटरचे, ३२१ अश्वशक्तीचे इंजिन बसवले. अमेरिकी ग्राहकांना सुरुवातीला २४० अश्वशक्तीवरच समाधान मानावे लागले, ही गोष्ट वेगळी.

ताकद वाढली तरी सांगाडा तोच राहिला आणि अडचण तिथेच होती. झेड-३चे मागील चाकांचे निलंबन ऐंशीच्या दशकातील ‘३ सीरिज’ मोटारीवरून घेतलेले होते. शिवाय छप्पर नसलेल्या मोटारीचा सांगाडा वळणावर पिळला जातो. छप्पर हा मोटारीच्या पेटीचा सहावा पृष्ठभाग असतो; तो काढला की उरलेल्या पाच बाजूंना सगळा ताण सोसावा लागतो. कंपनीतील बुर्कहार्ड ग्योशेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर जो उपाय शोधला, तो वाहन उद्योगात आजही सांगितला जातो. त्यांनी कामाच्या वेळेबाहेर खपून त्याच रोडस्टरवर पक्के छप्पर चढवले आणि ‘एम कूपे’ जन्माला घातली. सांगाड्याचा कणखरपणा अडीच पटींहून अधिक वाढला. रोडस्टरचेच बहुतेक सुटे भाग वापरायचे, या अटीवर संचालक मंडळाने तिला मान्यता दिली. तिचे मागून फुगीर दिसणारे रूप पाहून अनेकांनी तिला विदूषकाचा बूट म्हणून हिणवले.

झेड-३ मालिकेच्या सुमारे तीन लाख मोटारी विकल्या गेल्या. त्यांत ‘एम’ रोडस्टर साधारण पंधरा हजार होत्या आणि ‘एम कूपे’ सहा हजारांच्या आसपास. आज जुन्या मोटारींच्या बाजारात सर्वाधिक मागणी याच हिणवल्या गेलेल्या बुटाला आहे. अर्थात, ही वाढलेली किंमत संग्राहकांच्या खिशात जाते, कंपनीच्या तिजोरीत नव्हे. उत्पादनाचा निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याला पंचवीस वर्षांनंतरच्या लिलावाचा आकडा दाखवून उपयोग नसतो.

दुसरा होकार २००६ मध्ये आला. पहिल्या झेड-४ची ‘एम’ आवृत्ती रोडस्टर आणि कूपे अशा दोन्ही रूपांत निघाली. इंजिन पुन्हा ‘एम ३’चेच होते. ३४३ अश्वशक्तीचे हे इंजिन मिनिटाला ७९०० फेऱ्यांपर्यंत जाऊन आपली पूर्ण ताकद दाखवत असे. गिअरबॉक्स सहा गतींचा आणि फक्त हाताने बदलायचा. परंतु या मोटारीतील सर्वात महत्त्वाचा बदल जाहिरातीत ठळकपणे छापण्यासारखा नव्हता. साध्या झेड-४ला विजेवर चालणारे स्टिअरिंग होते आणि हातांना रस्ता जाणवत नाही अशी तिच्याविषयी तक्रार होती. ‘एम’ विभागाने ते काढून जुन्या पद्धतीचे, तेलाच्या दाबावर चालणारे स्टिअरिंग बसवले. म्हणजे या आवृत्तीने मोटारीचा केवळ वेग वाढवला नाही, तर मूळ मोटारीतील एक दोष दूर केला.

तरीही व्यापाराच्या दृष्टीने हा प्रयोग तोकडाच ठरला. २००२ ते २००८ या काळात पहिल्या झेड-४ मालिकेच्या सुमारे दोन लाख मोटारी बनल्या. त्यांतील ‘एम’ आवृत्त्या रोडस्टर व कूपे मिळून दहा हजारही भरल्या नाहीत.

हे आकडे समोर असताना २००९ मधील दुसऱ्या झेड-४च्या वेळी कंपनीने हात आखडता घेतला, याचे आश्चर्य वाटू नये. ही मोटार स्वभावानेच बदललेली होती. कापडी छपराच्या जागी घडी होणारे पक्के धातूचे छप्पर आले, वजन वाढले आणि ग्राहकही बदलला. त्याला शर्यतीच्या मार्गापेक्षा समुद्रकिनाऱ्यावरचा रस्ता जवळचा होता. ३४० अश्वशक्तीची ‘३५ आयएस’ ही आवृत्ती काढून कंपनीने तेवढ्यावरच भागवले. गंमत अशी, की याच झेड-४चे आठ सिलिंडरचे इंजिन असलेले शर्यतीचे रूप २०१० पासून ‘जीटी ३’ गटाच्या शर्यतींत धावत होते. प्रेक्षकांना मैदानावर जी मोटार दिसे, तिच्या जवळपास जाणारीही कोणती आवृत्ती विक्रीदालनात नव्हती. शर्यतीतील यशाचा उपयोग विक्रीसाठी करायचा नसेल, तर तो खर्च कशासाठी, असा प्रश्न तेव्हा पडायला हवा होता.

तिसऱ्या पिढीच्या वेळी परिस्थिती आणखी अवघड झाली होती. दोन आसनी मोटारीचा बाजार इतका आक्रसला होता, की नव्या रोडस्टरचा विकासखर्च एकट्याने उचलणे बीएमडब्ल्यूसारख्या कंपनीलाही परवडेना. टोयोटाशी भागीदारी झाली. एकाच पायावर बीएमडब्ल्यूने उघडी झेड-४ आणि टोयोटाने बंद छपराची सुप्रा उभी केली. दोन्हींचे उत्पादन ऑस्ट्रियातील ग्रात्स येथे, मॅग्ना स्टायर या कंत्राटी उत्पादकाकडे सोपवण्यात आले. साधी आवृत्ती काढण्यासाठीच जिथे भागीदार शोधावा लागतो, तिथे रुंद चाके, वेगळे निलंबन, वेगळे ब्रेक आणि त्यांच्या स्वतंत्र चाचण्या, हा वाढीव भार कोण उचलणार?

घरातला स्पर्धकही होताच. २०१६ मध्ये ‘एम २’ ही छोटी चार आसनी कूपे आली आणि २०२३ मधील तिची पुढची पिढी ४६० अश्वशक्तीची निघाली. मागे दोन माणसे बसतील, सामान मावेल आणि शर्यतीच्या मार्गावरही चालवता येईल अशी मोटार त्याच दालनात उभी असताना ‘एम’ झेड-४ घेणारा ग्राहक किती मिळाला असता? ‘एम’ विभागाची एकूण विक्री अलीकडच्या वर्षांत वर्षाला दोन लाखांवर गेली आहे. ती ‘एम २’, ‘एम ३’ आणि अवजड एसयूव्ही यांच्या जोरावर. रोडस्टरविना या विभागाचे काही अडलेले नाही.

त्यात युरोपीय संघाचे उत्सर्जनाचे नियम. कंपनीच्या सर्व नव्या मोटारींच्या सरासरी कार्बन उत्सर्जनाने ठरलेली मर्यादा ओलांडली, तर जादा प्रत्येक ग्रॅममागे, प्रत्येक मोटारीमागे ९५ युरो दंड बसतो. काही हजार मोटारींनी ही सरासरी फारशी हलत नाही, हे खरे. पण असा हिशेब होताना पहिला बळी नेहमी छोट्या मालिकेचाच जातो.

मग ‘एम’ नाकारली हे योग्यच झाले, असे म्हणायचे का? येथे प्रतिस्पर्ध्यांकडे पाहावे लागते. मर्सिडीजने आपल्या छोट्या एसएलके रोडस्टरमध्ये २००४ मध्येच ३६० अश्वशक्तीचे आठ सिलिंडरचे ‘एएमजी’ इंजिन बसवले होते. ऑडीच्या टीटीची ‘आरएस’ आवृत्ती ४०० अश्वशक्तीपर्यंत पोहोचली. तरीही एसएलकेची वारसदार एसएलसी २०२० मध्ये बंद पडली आणि टीटीचे उत्पादन २०२३ मध्ये थांबले. वेगवान आवृत्तीने मोटारीचा मृत्यू टळतो, हा चाहत्यांचा दावा या दोन उदाहरणांपुढे टिकत नाही.

पोर्शेची गोष्ट मात्र निराळी आहे. १९९६ मध्ये आलेल्या बॉक्स्टरला या कंपनीने वर्षानुवर्षे जाणूनबुजून मागे ठेवले; धाकट्या भावाने थोरल्या ‘९११’च्या पुढे जायचे नाही, असा जणू घरचा दंडकच होता. २०१० च्या बॉक्स्टर स्पायडरमध्ये ताकद ३२० अश्वशक्ती एवढीच होती, भर होता तो वजन घटवण्यावर. हा दंडक हळूहळू सैल झाला. २०१९ च्या ‘७१८ स्पायडर’ला चार लिटरचे, ४२० अश्वशक्तीचे सहा सिलिंडरचे इंजिन मिळाले आणि २०२३ च्या ‘स्पायडर आरएस’मध्ये थेट ‘९११ जीटी ३’चे ५०० अश्वशक्तीचे इंजिन आले. मोटारीचे आयुष्य उतरणीला लागलेले, साचे व यंत्रे यांचा खर्च वसूल झालेला, इंजिन आधीच तयार. अशा वेळी थोड्या संख्येने आणि चढ्या किमतीला आवृत्ती काढायची, हे गणित पोर्शेला चांगले जमले.

बीएमडब्ल्यूला हेच करता आले असते काय? ‘एम २’चे इंजिन तयारच होते. तथापि केवळ तेवढे बसवून ग्राहक खूश झाला असता, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. तिसऱ्या झेड-४विषयीची मोठी तक्रार ताकदीची नव्हतीच. सहा सिलिंडरच्या मोटारीत हाताने बदलायचा गिअर नाही, ही होती. तो गिअर कंपनीने दिला, पण २०२४ मध्ये, म्हणजे मोटार जगासमोर आल्यानंतर तब्बल सहा वर्षांनी. जे पहिल्या दिवशी द्यायचे, ते निरोपाच्या उंबरठ्यावर दिले गेले. जपानच्या माझ्दाने आपल्या एमएक्स-५ला २००४-०५ मध्ये टर्बोची जोड देऊन पाहिली आणि नंतरच्या पिढ्यांत तो मार्ग सोडून वजन कमी राखण्यावर लक्ष दिले. त्या मोटारीने २०१६ मध्ये दहा लाखांचा टप्पा ओलांडला. हे लक्षात घेता झेड-४ची चूक ‘एम’ न काढण्यात होती, त्यापेक्षा ‘एम’ने २००६ मध्ये स्टिअरिंगबाबत जे केले तसे काही या वेळी कोणीच वेळेवर केले नाही, यात अधिक होती.

भारतीय ग्राहकाच्या दृष्टीने हा सगळा वाद दूरचाच. २०२३ मध्ये येथे झेड-४ची दालनातील किंमत ८९ लाख ३० हजार रुपये होती. मोटार पूर्ण तयार अवस्थेत आयात होत असल्याने या किमतीत आयातशुल्काचा वाटा मोठा होता. त्यावर ‘एम’चा भार चढवला असता, तर पावसाळ्यात चार महिने छप्पर न उघडता येणाऱ्या मुंबईत ती कितीशी खपली असती, हे सांगायला नको.

ग्रात्सच्या कामगारांसाठी मात्र हा हौसेचा विषय नाही. जग्वारच्या मोटारींचे कंत्राट २०२४ च्या अखेरीस संपले, अमेरिकेच्या फिस्करचे दिवाळे त्याच वर्षी निघाले, आणि झेड-४ व सुप्राही जाणाऱ्यांच्या यादीत आहेत. मर्सिडीजची जी-क्लास हाच तेथील मोठा आधार आहे. काही हजार ‘एम’ मोटारींनी हा कारखाना तरला नसता, पण कंत्राटी उत्पादक जगतो तो अशाच छोट्या मालिकांवर.

बीएमडब्ल्यूने झेड-४चा वारस जाहीर केलेला नाही. पोर्शेने पुढची ‘७१८’ केवळ विजेवर चालवण्याचे ठरवले होते. २०२५ मध्ये त्या निर्णयाला मुरड घालून वरच्या श्रेणीतील आवृत्त्यांना पेट्रोल इंजिन देण्याचे कंपनीने जाहीर केले.