एका ओळीची गळती

हिशेबाच्या वहीत जमेची नोंद झाली आणि खर्चाची राहून गेली, तर वर्षअखेरीस ताळेबंद जुळत नाही एवढेच होते. कारकुनाला बोलणी बसतात, चूक सापडते आणि प्रकरण मिटते. परंतु ज्या वहीवर सबंध जगाचा व्यवहार उभा आहे, तिच्यातच अशी एक नोंद वर्षानुवर्षे राहून गेली तर काय होते, याचा प्रत्यय जानेवारी २०१६ मध्ये आला. इस्रायलमधील परसेप्शन पॉइंट या कंपनीच्या संशोधकांनी लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्यातील, म्हणजेच कर्नलमधील, एक दोष त्या महिन्यात जाहीर केला. दोष २०१२ पासून तेथे होता. दुरुस्तीला लागली ती केवळ एक ओळ.

या दोषाचे स्वरूप सामान्य वाचकालाही समजण्याजोगे आहे. कर्नल हा संगणकाचा कोठीवाला होय. स्मृतीचा कोणता कोपरा कोणाला द्यायचा आणि तो केव्हा परत घ्यायचा, हे तोच ठरवतो. एखादी वस्तू किती जण वापरीत आहेत हे कळावे म्हणून तो प्रत्येक वस्तूपुढे एक आकडा ठेवतो. नवा वापरणारा आला की आकडा एकाने वाढतो. तो गेला की एकाने घटतो. आकडा शून्यावर आला की वस्तू कोणाच्याही उपयोगाची उरली नाही असे मानून ती जागा मोकळी केली जाते. परवलीच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या विभागातही हीच रीत होती. मात्र एखाद्या प्रोग्रॅमने स्वतःजवळ आधीच असलेला जुडगा पुन्हा मागितला, की आकडा वाढे आणि घटवायचा राहून जाई. गळती ती एवढीच.

गळतीतून दरोडा

असा आकडा फुगला म्हणून बिघडले कोठे, असे कोणी विचारील. थोडी स्मृती अडकून पडेल, फार तर यंत्र मंदावेल. परंतु विजेच्या मीटरला जशी आकड्यांची घरे ठरलेली असतात आणि सगळे नऊ झाल्यावर पुन्हा शून्ये येतात, तशीच या आकड्यालाही मर्यादा होती. ४,२९,४९,६७,२९६ वेळा तीच मागणी केली की आकडा फिरून शून्यावर येई. माणसाला हे अशक्य वाटते. संशोधकांच्या यंत्राला त्यासाठी सुमारे अर्धा तास लागला. शून्य दिसताच कोठीवाला जागा मोकळी करी, पण हल्लेखोराच्या हाती त्या जागेचा पत्ता शिल्लकच असे. तेथे आपला मजकूर ठेवून तो कर्नलकडूनच हवे ते करवून घेऊ शके आणि साध्या वापरकर्त्याचा यंत्राचा सर्वाधिकारी होऊन बसे. त्यासाठी त्या यंत्रावर आपला प्रोग्रॅम चालविण्याची मुभा त्याला आधी मिळालेली असणे आवश्यक होते, हे खरे. पण एकच संगणक अनेकांनी वापरण्याच्या आजच्या काळात ही अट फारशी कठीण नाही.

दोषाची व्याप्ती किती, यावर लगेच मतभेद झाले. कोट्यवधी संगणक आणि सुमारे ६६ टक्के अँड्रॉइड फोन धोक्यात आहेत असे संशोधकांचे म्हणणे होते. गूगलने हा आकडा फार मोठा असल्याचे सांगितले. जुन्या फोनांत तो भागच नाही आणि नव्या फोनांत दुसरे संरक्षण आहे, असा त्या कंपनीचा खुलासा होता. वादात तथ्य कोणाकडे अधिक होते हा प्रश्न बाजूला ठेवला तरी एक गोष्ट निर्विवाद राहते. दुरुस्ती लगोलग तयार झाली. ती प्रत्येक यंत्रापर्यंत पोचविण्याचे उत्तरदायित्व मात्र कोणा एकाचे नव्हते.

सर्वांचे ते कोणाचे?

येथे हा विषय तंत्रज्ञांच्या हातून निसटून अर्थशास्त्राच्या कक्षेत येतो. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोर्व्हाल्ड्‌स या विद्यार्थ्याने आरंभिलेली ही प्रणाली आज कोणासही विनामूल्य मिळते. अँड्रॉइड फोनचा पाया तीच. २०१७ च्या अखेरीपासून जगातील पहिले ५०० महासंगणकही तिच्यावरच चालत आले आहेत. एकाने वापरल्याने दुसऱ्याच्या वाट्याचे काही कमी होत नाही, आणि वापरण्यापासून कोणाला अडविताही येत नाही. पाठ्यपुस्तकांत ज्याला सार्वजनिक वस्तू म्हणतात, तिचे याहून शुद्ध उदाहरण सापडणे कठीण. अशा वस्तूचा लाभ सगळे घेतात; डागडुजीचा खर्च मात्र दुसऱ्याने करावा असे प्रत्येकाला वाटते. पुलाच्या उद्घाटनाला मंत्री मिळतो, खांब तपासायला माणूस मिळत नाही, त्यातलाच हा प्रकार.

लिनक्सच्या गाभ्यावर काम करणारे बहुसंख्य लोक आज मोठ्या कंपन्यांचे पगारी नोकर आहेत, हे मान्य केले पाहिजे. परंतु कंपनी पैसे मोजते ते मुख्यतः नव्या सोयींसाठी. जुनी ओळ पुन्हा वाचण्यासाठी मोबदला देणारे विरळा. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या प्रणालीतील हार्टब्लीड नावाचा दोष उघड झाला, तेव्हा जगाच्या आर्थिक व्यवहाराला कुलूप पुरविणाऱ्या त्या उपक्रमाला देणग्यांतून वर्षाकाठी सुमारे २,००० डॉलरच मिळत असल्याचे बाहेर आले. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन निधी उभारला. घर जळाल्यावर विहीर खणण्याची ही रीत जुनीच आहे.

उपाय नाहीतच असे नव्हे. २०१७ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात मोजणीची नवी पद्धत आली; तीत आकडा मर्यादेला टेकला की फिरून शून्यावर न येता तेथेच गोठतो. म्हणजे कारकुनाच्या दक्षतेवर विसंबण्याऐवजी वहीच अशी आखली की चुकीतून चोरी निपजू नये. युरोपीय संघाने २०२४ मध्ये सायबर रेझिलियन्स कायदा करून विक्रेत्यावर विक्रीनंतरच्या दुरुस्तीचेही बंधन घातले. जर्मनीने २०२२ पासून अशा सामायिक प्रणालींच्या देखभालीसाठी सरकारी निधी देऊ केला आहे.

आपल्या देशात २०१६ मध्ये यूपीआय सुरू झाले आणि शिक्षकाचा पगार, विद्यार्थ्याची फी, भाजीवाल्याची उधारी हे सारे फोनमध्ये आले. हे फोन बव्हंशी अँड्रॉइडचेच. एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार सायबर हल्ल्याची वर्दी सहा तासांत देणे संस्थांना बंधनकारक आहे, आणि ते योग्यच आहे. पण वर्दी चोरीनंतरची असते. स्वस्त फोन घेणाऱ्याला सुरक्षेची दुरुस्ती किती वर्षे मिळणार, हे खोक्यावर किमतीइतक्याच ठळकपणे छापलेले असावयास हवे. सरकारी कार्यालये व शाळांच्या खरेदीत तर ती पहिली अट असली पाहिजे. अन्यथा नवा फोन विकण्यात ज्याचा नफा आहे, त्याला जुना फोन दुरुस्त ठेवण्याची निकड कधीच भासणार नाही, आणि एका ओळीच्या दुरुस्तीवाचून नुकसान सोसावे लागेल ते नवा फोन घेण्याची ऐपत नसलेल्यालाच.