शेवटचा टाका कुणाचा?

आजी गेल्यावर तिच्या ट्रंकेतून सात लुगडी निघाली. चार इरकली, तीन साधी सुती. त्यातलं एक लावायला तिने पलीकडच्या लुगड्याचं ठिगळ घेतलेलं. आई म्हणाली, "वाटून टाकू." मी म्हटलं, नको, गोधडी शिवून घेऊ. माणमधल्या आमच्या गावी एक मावशी ऑर्डर घेऊन गोधड्या शिवतात. त्यांना लुगडी पोचवली, अर्धे पैसे दिले आणि पुढचं सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर.

महिनाभर मी काही बोलले नाही. पण गोधडी संपत आली, मावशींनी नातवाकडून पहिला फोटो पाठवला आणि माझ्या अंगात आर्ट डायरेक्टर संचारला. किनारीला त्यांनी राणी रंगाची पट्टी धरली होती. मी लिहिलं, "फिकट काही आहे का? बेज?" दोरा लाल होता. "पांढरा चालेल का?" चारी कोपऱ्यांना घड्या घालून त्रिकोणी तुकडे लावलेले. "हे काढता येतील का? जरा क्लीन दिसेल."

शेवटी मावशींनी फोन केला. "ताई, मधलं ठिगळ बंद करायचं राहिलंय. त्यात चार दाणे जोंधळ्याचे घालू ना? गोधडी उपाशी ठिवत न्हाईत."

मी म्हटलं, "नको मावशी, किडे होतील."

त्या क्षणभर गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या मनासारखं."

आज ती गोधडी माझ्या भिंतीवर आहे. बेज किनार, पांढरा दोरा, साधे कोपरे. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, "कुठून मागवलीस?" 'कुणी शिवली' असं एकानेही विचारलेलं नाही. का विचारतील? शिवणारीची प्रत्येक खूण मी पैसे देऊन काढून घेतली होती.

म्हणून हा लेख. तुमच्यातले बरेच जण आता हाताने शिवलेल्या गोधड्या मागवता, बाळासाठी, लग्नासाठी, भिंतीसाठी. चांगलंच आहे. पण माझं म्हणणं स्पष्ट आहे: मागवणाऱ्याने सुरुवात ठरवावी, शेवट ठरवू नये. किनार, दोऱ्याचा रंग, कोपरे आणि शेवटचं ठिगळ यांवर हक्क शिवणारीचा आहे.

यावर पहिलं उत्तर येणार ते मला माहीत आहे, कारण तेव्हा मीही तेच देत होते. "पैसे माझे, भिंत माझी, मग पसंती माझी का नाही?"

आधी पैशांचंच बोलू. साडेसात फूट लांब आणि पाच फूट रुंद गोधडी घ्या. काठापासून मध्याकडे फिरत जाणाऱ्या टाक्यांच्या ओळींत अर्ध्या इंचाचं अंतर धरा. दोरा साधारण नऊशे फूट चालतो. इंचाला तीन टाके धरले तर बत्तीस हजारांच्या वर टाके झाले, आणि प्रत्येक टाक्याला सुई तीन-चार थरांतून पार जाते. एवढे टाके घालताना त्या बाईने तुमचं कापड पाहिलेलं असतं. कुठलं लुगडं विरलंय, कुठे दुहेरी थर हवा, कुठला रंग शेजारच्याला मारतो, हे तिच्या बोटांना कळलेलं असतं. तुम्ही एक फोटो पाहिलेला असतो, तोही सहा इंचांच्या स्क्रीनवर.

शेवटचे निर्णय या बत्तीस हजार टाक्यांतून आलेले असतात. राणी रंगाची किनार मावशींनी उगाच धरली नव्हती. गोधडी सगळ्यात आधी काठाला विरते, कारण ओढायला, झटकायला, पायाने सारायला काठच हाताशी येतो. म्हणून तिथे सगळ्यात धडधाकट कापड लागतं. सात लुगड्यांतलं सगळ्यात कमी नेसलेलं लुगडं राणी रंगाचं होतं. हे मला नंतर आईने सांगितलं. मी बाजारातून आणायला लावलेलं बेज कापड दुसऱ्याच धुण्यात आकसलं आणि काठ सुरकुतला.

आता कोपऱ्यांचं. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर-हल्याळच्या बाजूला सिद्दी समाज राहतो. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. त्यांच्या बायका जुन्या कपड्यांच्या जी गोधडी शिवतात तिला कवांदी म्हणतात. शिवण काठावरून सुरू होते आणि तुकड्यामागे तुकडा लावत मध्यावर संपते. कोपऱ्यांना घड्या घातलेले त्रिकोणी तुकडे लावतात, त्यांना म्हणतात फुलां. ती ऊब वाढवत नाहीत, कापडही वाचवत नाहीत. तरी ती नसतील तर कवांदी पुरी झाली असं शिवणारी मानत नाही. मी ज्याला 'जरा क्लीन' म्हणत होते ते तिच्या भाषेत अर्धवट होतं.

सगळ्यात मोठा दाखला मात्र समुद्रापलीकडचा आहे. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, विल्कॉक्स काउंटीत, 1966 साली कृष्णवर्णीय बायकांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' नावाची सहकारी संस्था काढली. नागरी हक्कांच्या चळवळीचा तो काळ. जवळच्याच जीज बेंड या वस्तीतल्या बायकाही तिथे काम करत. न्यूयॉर्कच्या मोठ्या दुकानांतून ऑर्डरी आल्या, पैसा आला, आणि त्याबरोबर अटीही आल्या. नमुना ठरलेला, टाके एकसारखे, एक क्विल्ट दुसऱ्यासारखी. ज्या बायका घरी मनाला येईल तशी पट्टी तिरकी लावत, त्यांना इथे सरळ रेषेत राहावं लागे. 1972 मध्ये सिअर्स कंपनीचं कॉर्डरॉयच्या उशांच्या अभ्र्यांचं काम मिळालं. ते तर अगदीच साच्यातलं.

पण अभ्रे कापून उरलेल्या कॉर्डरॉयच्या चिंध्या या बायका घरी नेत आणि त्यातून स्वतःसाठी, आपल्या मर्जीने क्विल्ट शिवत. 2002 साली जीज बेंडच्या क्विल्टचं प्रदर्शन आधी ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागलं, तेव्हा भिंतीवर या कॉर्डरॉयच्या क्विल्टही होत्या. 2006 मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने जीज बेंडच्या क्विल्टवर तिकिटं काढली. गिऱ्हाइकाच्या पसंतीचे अभ्रे आज कुणाला आठवतात?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. "हे सगळं भाबडं आहे. त्या बाईला कला नको, काम हवंय. स्पष्ट सूचना मिळाल्या तर तिचंच उसवणं वाचतं." यात तथ्य आहे, पण म्हणूनच सूचना आधी द्यायच्या असतात. माप काय, पांघरायची की टांगायची, मशीनमध्ये धुणार का, बजेट किती, कुठला रंग अजिबात नको, हे पहिला टाका पडायच्या आधी सांगा. टांगायची असेल तर मागच्या बाजूला वरच्या काठाशी चार इंच रुंदीची कापडी नळी शिवायला सांगा आणि तिचे वेगळे पैसे द्या. त्या नळीतून दांडी गेली की वजन सगळीकडे सारखं वाटलं जातं. दोन खिळ्यांवर टांगलीत तर तिथूनच फाटेल. हे गिऱ्हाइकाचं काम आहे. शिवून झाल्यावर "दोरा बदला" म्हणणं म्हणजे बत्तीस हजार टाके उसवायला सांगणं. मावशींनी माझ्यासाठी दिसतील तेवढे उसवले. त्या आठ दिवसांचे पैसे त्यांनी मागितले नाहीत आणि मीही दिले नाहीत.

तिसरा आक्षेप सगळ्यात सोयीचा आहे: "पण ती स्वतःच म्हणाली ना, तुमच्या मनासारखं!" हो, म्हणाली. गावातली बाई शहरातल्या गिऱ्हाइकाला दुसरं काय म्हणणार? अर्धे पैसे अजून माझ्याकडे होते. पुढची ऑर्डर माझ्या मैत्रिणींकडून यायची होती. त्या वाक्याला होकार समजणं ही माझी चलाखी होती. तिचा खरा होकार हवा असेल तर उरलेले पैसे आधी द्या आणि मग विचारा, "मावशी, तुम्हाला कसं बरं वाटतं?" उत्तर वेगळं येतं की नाही बघा.

आणि नाव. चित्राच्या कोपऱ्यात सही नसेल तर आपण चित्रकार कोण ते शोधतो. गोधडीच्या मागे शिवणारीचं नाव, गाव आणि साल घालायला अर्धा तास लागतो, तरी आपण ते घालून घेत नाही. वर इन्स्टावर लिहितो, 'आजीच्या लुगड्यांची गोधडी'. लुगडी आजीची असतील, गोधडी मावशींची आहे. अर्थात नाव घालायचं की नाही हेही त्यांनीच ठरवावं. पण निदान विचारायला हवं.

मागच्या आठवड्यात मी मावशींना फोन केला. आधी त्या आठ दिवसांचे पैसे पाठवले, मग विचारलं. खूप वेळ हसल्या. म्हणाल्या, "राणी पट्टी ठिवलीय मी. टाकती व्हय?" कोपरेही आहेत म्हणाल्या, डब्यात.

दिवाळीनंतर गोधडी घेऊन गावी जाणार आहे. मधलं ठिगळ त्या उसवतील आणि पुन्हा बंद करतील. किडे झाले तर होऊ देत. जोंधळे त्यांच्या कणगीतले असतील.