'स्वॉर्दी' म्हणजे सावळा नव्हे

इंग्रजी कादंबऱ्यांच्या मराठी अनुवादांत एखादा चाचा, खलाशी किंवा पोलिसांना हवा असलेला इसम 'सावळ्या वर्णाचा' असल्याचे अनेकदा वाचावयास मिळते. मूळ पुस्तक उघडून पाहावे, तो तेथे 'स्वॉर्दी' हा शब्द आढळतो. अनुवादकाला दोष देता येत नाही. कोशात अर्थच तसा दिलेला असतो. तरीही हा अर्थ फसवा आहे, आणि तो फसवा का झाला हे समजण्यासाठी त्या शब्दाचे कूळ पाहावे लागते.

आज इंग्रजीत काळ्या रंगाला 'ब्लॅक' म्हणतात. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजांचा नित्याचा शब्द मात्र 'स्वेआर्ट' हा होता. पुढे त्याचे 'स्वॉर्ट' झाले. 'बेवुल्फ' या प्राचीन काव्यात नायकाच्या चितेवरून उठणाऱ्या धुराला हेच विशेषण आहे. जर्मनांचा 'श्वार्त्स', डचांचा 'झ्वार्ट', स्वीडिश लोकांचा 'स्वार्ट' हे सारे याचे सख्खे भाऊ, आणि त्या भाषांत ते आजही शाईला, रात्रीला, बिनदुधाच्या कॉफीला बिनदिक्कत लावले जातात. इंग्रजीत तेवढे भाऊबंदकीत उलटे घडले. जळून कोळसा होण्याशी नाते सांगणारा 'ब्लॅक' पुढे सरसावला आणि 'स्वॉर्ट' मागे पडला. मिल्टनने १६३७ साली 'लिसिडस'मध्ये तो एका ताऱ्याला लावला खरा, पण तोवर तो कवींच्या पेटीतला जुना दागिना झाला होता.

शाई गेली, रात्र गेली, धूर गेला. उरली ती माणसाची कातडी. सोळाव्या शतकात रूढ झालेला 'स्वॉर्दी' हा त्याचा वंशज आज जवळजवळ तेवढ्याच कामापुरता जिवंत आहे. असा शब्द सहसा कोणी स्वतःविषयी वापरीत नाही. बोलणारा एक आणि ज्याच्याविषयी बोलावयाचे तो दुसरा, किंबहुना परका, ही या शब्दाची अटच होऊन बसली आहे.

याचा उत्तम पुरावा बेंजामिन फ्रँकलिन या थोर अमेरिकनाने देऊन ठेवला आहे. लोकसंख्येच्या वाढीवर १७५१ साली लिहिलेल्या निबंधात त्याने स्पॅनिश, इटालियन, फ्रेंच, रशियन, इतकेच नव्हे तर स्वीडिश लोकांनाही 'स्वॉर्दी' वर्णाच्या पंगतीत बसविले. जर्मनही त्यातच; सॅक्सन तेवढे वगळले आणि त्यांना इंग्रजांच्या जोडीला खरे गोरे ठरविले. पेनसिल्व्हेनियात जर्मनांची वस्ती वाढत होती आणि ती त्याला खुपत होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या वर्गवारीचे रहस्य उलगडते. स्वीडनचा मनुष्य काळसर दिसावयास डोळ्यांवर कोणता चष्मा लागतो, हे निराळे सांगावयास नको.

यावर कोणी म्हणेल की, 'ब्लॅक' तरी कोठे निर्मळ आहे? आक्षेप रास्त आहे. दक्षिण आफ्रिकेत १९२९ ची निवडणूक हर्टझॉग यांच्या पक्षाने 'स्वार्त गेफार', म्हणजे 'काळे संकट', अशी भीती घालून लढविली. तेथे आफ्रिकान्स भाषेतील हा 'स्वार्त' रोजच्या व्यवहारातलाच शब्द होता. तेव्हा साधा शब्दही विषारी होऊ शकतो. पण साधा शब्द परत मिळवताही येतो. स्टोकली कारमायकेल यांनी १९६६ मध्ये मिसिसिपीत 'ब्लॅक पॉवर'ची घोषणा दिली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या ब्लॅक पँथर पक्षाच्या नावावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. आणि २०२० साली असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने लोकसमूह या अर्थी 'ब्लॅक' मोठ्या अक्षराने लिहिण्याचे ठरविले. 'स्वॉर्दी'च्या नावाने असा झेंडा कोणी उभारल्याचे स्मरत नाही. ज्यांच्यासाठी तो वापरला गेला, त्यांच्या तोंडी तो आपला म्हणून कधी रुळलाच नाही.

आता आपला 'सावळा' पाहा. तो विठोबाचा वर्ण आहे. आई आपल्या लेकराला कौतुकाने सावळा म्हणते. (विवाहविषयक जाहिरातींत हीच माया आटते आणि सावळी मुलगी रातोरात 'गव्हाळ' होते, हा भाग वेगळा.) आपल्या भाषेत ज्या शब्दाने देव घराजवळ आणला, तो परक्याला दाराबाहेर ठेवणाऱ्या शब्दाचा पर्याय म्हणून योजिला, की लेखकाच्या मनातील तिरस्कार मराठीत येता येता गोड होऊन जातो. वाचकाला वाटते, निवेदक त्या इसमाकडे प्रेमाने पाहत आहे.

विद्यार्थ्यांची अडचण याहून साधी आहे. परीक्षेसाठी समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ करताना 'डार्क'च्या पुढे 'स्वॉर्दी' येतो. निबंधात तो भारदस्त वाटतो, आणि मग वर्गमित्राच्या किंवा एखाद्या राष्ट्रपुरुषाच्या वर्णनात तो जाऊन बसतो. शिक्षकांनी तेथे लाल रेघ ओढावी आणि कारणही सांगावे. अनुवादकापुढे मात्र प्रसंग पाहूनच निवड करण्यावाचून गत्यंतर नाही. समुद्रावर आयुष्य काढलेला खलाशी असेल, तर 'उन्हाने रापलेला' पुरे. निवेदकाच्या नजरेत संशय असेल, तेथे 'काळपट' हा शब्द त्यातल्या त्यात जवळचा. त्यात नाक मुरडल्याची जी बारीक छटा आहे, तीच मुळात असते.