किंमत? समक्ष भेटा!

मराठीच्या प्राध्यापकाला व्यवहार कळत नाही, असा एक सार्वत्रिक समज आहे. आमच्या घरी तर तो समज नसून सिद्धान्त आहे. कोथिंबिरीच्या जुडीपासून सोफासेटपर्यंत कोणतीही वस्तू मी घरात आणली की, "केवढ्याला दिली?" असा प्रश्न आतून येतो, मी आकडा सांगतो, आणि मग नुसता एक सुस्कारा येतो. त्यामुळे गेल्या वर्षी प्राचार्यांनी मला कॉलेजच्या खरेदी-समितीवर नेमले, तेव्हा ती बातमी मी घरी दोन दिवस लपवून ठेवली. तिसऱ्या दिवशी ती फुटलीच. "अगबाई! तुम्हांला?" एवढेच सौभाग्यवती म्हणाली. प्रश्नचिन्हाचा एवढा परिणामकारक उपयोग मी मराठी साहित्यात क्वचितच पाहिला आहे.

काम वरवर अगदी साधे होते. आमच्या ग्रंथालयात पुस्तकांची देवघेव, यादी, दंड वगैरे कामे करणारे जुने सॉफ्टवेअर नव्या यंत्रांवर चालेनासे झाले होते. नवे घ्यायचे होते. ग्रंथपालबाईंनी त्यासाठी तीन लाख रुपये मोठ्या चिकाटीने मंजूर करून घेतले होते आणि त्याला एक पुस्तीही जोडून घेतली होती: 'यातून जे उरेल, त्याची पुस्तके घ्यावीत.' बाई मला म्हणाल्या, "सर, जरा बघून घ्या हं. प्रत्येक हजाराची चार-पाच पुस्तकं होतात." तेव्हापासून मला रुपये दिसेनासे झाले आणि पुस्तकेच दिसू लागली.

मी एकेका कंपनीची वेबसाइट उघडून बसलो. काय नव्हते तिथे! सॉफ्टवेअर काय काय करते याचे चौदा परिच्छेद होते, संगणकाकडे पाहून विनाकारण हसणाऱ्या माणसांची छायाचित्रे होती, समाधानी ग्राहकांची पत्रे होती. नव्हती ती फक्त किंमत. 'किंमत' असे लिहिलेल्या जागी बोट ठेवले की एक कोरा तक्ता पुढे येई. नाव, हुद्दा, फोन नंबर, विद्यार्थी किती, पुस्तके किती, आणि शेवटी 'आपले अंदाजपत्रक किती?' म्हणजे मी भाव विचारायला गेलो, तर दुकानदार माझ्याच खिशात हात घालून पाकीट चाचपू लागला!

मी भोळेपणाने सगळे भरले. अगदी 'तीन लाख' हेसुद्धा. घरी हे सांगितल्यावर सुस्कारा आला नाही. तिने नुसते डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले आणि आठवड्याभरात एक तरुण प्रतिनिधी समक्ष हजर झाला. पाहतो तो माझाच जुना विद्यार्थी! वर्गात तिसऱ्या बाकावर बसून कविता करणारा हा मुलगा आता टाय लावून सॉफ्टवेअर विकत होता. वाकून नमस्कार केला, चहा झाला, बटाटेवडे झाले, तासभर पडद्यावर प्रात्यक्षिक झाले. मी तीनदा किंमत विचारली. पहिल्यांदा तो म्हणाला, "आधी तुमची गरज समजून घेऊ या, सर." दुसऱ्यांदा म्हणाला, "त्याचं काही विशेष नाही हो, सर." तिसऱ्यांदा म्हणाला, "तुमच्याकडून जास्त घेऊ का, सर?"

संध्याकाळी मी हा संवाद घरी जसाच्या तसा म्हणून दाखवला. सौभाग्यवती म्हणाली, "माझ्या आत्याच्या लग्नाची बोलणी चालली होती ना, तेव्हा वरपक्ष अगदी असंच म्हणायचा. 'आमची काही अपेक्षा नाही, तुम्ही तुमच्या मुलीला काय ते कराल.' आजोबांना त्या 'काही नाही'पायी मळा विकावा लागला."

दोन आठवड्यांनी आकडा आला: साडेचार लाख, वर अठरा टक्के जीएसटी, आणि दर वर्षीची एएमसी निराळी. ग्रंथपालबाईंचा चेहरा उतरला. मी नाही म्हटले. मग तो चार झाला, साडेतीन झाला, आणि मार्चच्या अखेरीस फोन आला, "सर, आज सही होत असेल तर पावणेतीन." आम्हांला तीन दरपत्रके लागतात, असे मी सांगितले, तर आमचा शिष्योत्तम म्हणाला, "बाकीची दोन कोटेशनंही मीच आणून देतो ना, सर!"

आता घासाघीस काही आपल्याला नवी नाही. माझी आई भाजीबाजारात जाई, तेव्हा वांग्यांचा भाव पहिल्या गाळ्यावर विचारी, शेवटच्या गाळ्यापर्यंत जाई आणि पुन्हा पहिल्यावर येई. पण त्या घासाघिशीची एक गंमत होती. ती मोठ्याने चाले. भाजीवाली भाव ओरडून सांगे, आई तो ओरडून पाडी, आणि शेजारी उभी असलेली अनोळखी बाई म्हणे, "मलाही त्याच भावानं दे गं." एकीने पाडलेला भाव दहाजणींच्या पिशवीत जाई.

याच्या अगदी उलट प्रकार जनावरांच्या बाजारात असे. दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात धरीत, आणि बोटे दाबून भाव ठरे. ज्याचा बैल, तो शेतकरी शेजारी उभा. पण रुमालाखाली काय चालले आहे ते त्याला कळत नसे. शेतमालाच्या सौद्यांतही हा प्रकार होताच. त्यावर उपाय म्हणून नियंत्रित बाजार आले, उघड लिलाव आले; महाराष्ट्राचा बाजार समित्यांचा कायदा १९६३ सालचा आहे. शेतकऱ्याच्या कांद्यावरचा रुमाल काढायला कायदा लागला. आणि इकडे संगणकाच्या बाजारात तोच रुमाल इस्त्री करून पुन्हा पसरलेला!

आमचे अर्थशास्त्राचे सहकारी या विषयावर फार खुलले. ते म्हणाले, "अहो, याला शास्त्र आहे. पिगू नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं १९२० सालीच लिहून ठेवलंय. विक्रेत्याचा आदर्श काय, तर प्रत्येक गिऱ्हाइकाकडून, ते जास्तीत जास्त जेवढं देईल तेवढं घ्यायचं. त्यासाठी दोन गोष्टी लागतात. गिऱ्हाइकाची ऐपत कळली पाहिजे, आणि एका गिऱ्हाइकाचा भाव दुसऱ्याला कळता कामा नये." मला तो कोरा तक्ता आठवला. त्यात मी माझी ऐपत माझ्याच हाताने लिहून दिली होती.

त्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. एके काळी सॉफ्टवेअरला निराळी किंमतच नसे. यंत्र घेतले की ते बरोबर येई. १९६९ साली आयबीएम कंपनीने यंत्राचे आणि सॉफ्टवेअरचे पैसे वेगळे आकारण्याचे जाहीर केले, आणि त्या धंद्याला मोठीच चालना मिळाली. दुसरी गोष्ट अमेरिकेतल्या मोटारींची. तिथले मोटारविक्रेते गिऱ्हाईक पाहून आकडा सांगत. म्हणून मन्रोनी नावाच्या सिनेटरने १९५८ साली कायदा करून घेतला की, प्रत्येक नव्या मोटारीच्या काचेवर कारखान्याने सुचवलेली किंमत चिकटवलीच पाहिजे. "आपल्याकडेसुद्धा बिस्किटाच्या पुड्यावर किंमत छापावी लागते," मी अभिमानाने म्हणालो. "लागते," ते म्हणाले, "पण त्याच नियमांत लिहिलंय की, संस्थांसाठी खास बांधलेल्या मालाला ती सक्ती नाही. संस्था म्हणजे शहाणी, असं कायदा धरून चालतो." कायद्याने आमची खरेदी-समिती पाहिलेली दिसत नाही.

विक्रेत्यांचीही बाजू आहे, आणि ती सांगितली पाहिजे. माझा विद्यार्थी म्हणाला, "सर, प्रत्येक कॉलेज वेगळं. कुणाची पुस्तकं दहा हजार, कुणाची लाख. एकच किंमत कशी छापणार?" बोलणे बरोबर आहे. पण आमच्या कोपऱ्यावरच्या शिंप्याकडेही प्रत्येक गिऱ्हाईक वेगळे असते. तरी भिंतीवर पाटी असते: शर्ट शिलाई इतकी, पँट शिलाई इतकी, अस्तर, जादा खिसे यांचे निराळे. माप मागाहून घेतो, पाटी आधी दिसते. मग तो म्हणाला, "भाव छापला तर स्पर्धकांना कळतो." मी म्हटले, "अरे, तूच बाकीची दोन कोटेशनं आणून देतोस ना? त्यांना तो कळलेलाच आहे. कळत नाही फक्त आम्हांला." यावर तो हसला, पण थोडा ओशाळूनच हसला.

सही करायच्या आधी मी एका जुन्या मित्राला फोन केला. तो एका तालुक्याच्या गावी प्राचार्य आहे. कॉलेज लहान, आमच्या एकतृतीयांश विद्यार्थी. बहुतेक मुली आसपासच्या खेड्यांतून एसटीने येतात. त्याच्याकडे हेच सॉफ्टवेअर होते.

"केवढ्याला घेतलंस?" मी विचारले.

"ते सांगता येत नाही रे. करारात लिहिलंय, किंमत गुप्त ठेवायची म्हणून."

"बरं, मी अजून सही केलेली नाही. माझा आकडा सांगतो. पावणेतीन."

पलीकडे इतका वेळ शांतता होती की, फोन बंद पडला असे मला वाटले. मग तो सावकाश म्हणाला, "करार मोडत नाही. एवढंच सांगतो. तुझ्या आकड्यात आमचं वर्षाचं पुस्तकांचं अंदाजपत्रक मिळव, म्हणजे आमचा आकडा येईल."

त्याचे पुस्तकांचे अंदाजपत्रक मला ठाऊक होते. पंच्याऐंशी हजार. बाईंच्या हिशेबाने साडेतीन-चारशे पुस्तके. आम्ही शहरातले; चार माणसांना विचारू शकलो, तीनदा नाही म्हणू शकलो. त्याला विचारायला जवळपास कोणी नव्हते, म्हणून त्याच्या मुलींनी जास्त पैसे भरले. किंमत लपवण्यातले खरे इंगित मला त्या रात्री कळले. महाग माल घेणे न घेणे आपल्या हाती असते. पण भाव लपवला की गिऱ्हाईक एकटे पडते. शेजारची बाई नाहीशी होते. आणि जो मुळात सर्वांत एकटा, तो सर्वांत जास्त मोजतो.

दुसऱ्या दिवशी समितीत मी आयुष्यातला पहिला व्यवहारी ठराव मांडला: 'जो विक्रेता पहिल्याच पत्रात किंमत लिहून देणार नाही, त्याला प्रात्यक्षिकास बोलावू नये, आणि किंमत गुप्त ठेवण्याचे कलम असलेल्या करारावर सही करू नये.' सात जणांना पत्रे गेली. चौघांनी पुन्हा 'समक्ष भेटतो' असे कळवले. तिघांनी आकडे पाठवले. त्यांतला एक कोहा नावाची प्रणाली बसवून देणारा होता. ही न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी १९९९ साली तयार झाली आणि नंतर सर्वांना मोकळी करून दिली गेली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. प्रणालीला पैसे नाहीत. बसवणे, जुन्या नोंदी आणणे, शिकवणे आणि वर्षभर देखभाल यांचे आकडे त्याने अर्ध्या पानात लिहून दिले होते. फुकट काय आणि विकत काय, हे ज्याने न विचारता सांगितले, त्याच्याकडूनच आम्ही काम करून घेतले. अधूनमधून ते कुरकुरते, बाई त्याला दोन शब्द सुनावतात आणि ते पुन्हा चालू लागते. पण पैसे उरले, आणि त्याची पुस्तके आली.

ते अर्धे पान बाईंनी मित्राच्या ग्रंथपालाकडे पाठवून दिले. त्याने ते पुढे ठेवल्यावर त्याच्या विक्रेत्याने यंदाची एएमसी बरीच खाली आणली म्हणतात. गेलेले पंच्याऐंशी हजार मात्र काही परत आले नाहीत. माझा विद्यार्थी दिवाळीच्या आधी भेटायला आला होता. नोकरी बदलली म्हणाला. नव्या कंपनीत किमती छापलेल्या असतात का, हे मी विचारले नाही. सणासुदीच्या दिवसांत कशाला?

वाचकहो, या अंकाच्या मुखपृष्ठावर त्याची किंमत ठळक छापलेली आहे. ती देऊनच आपण तो घेतला असेल. त्याबद्दल मला संपादकांविषयी आदर आहे. लेख मागवताना मात्र त्यांनी मला लिहिले होते: 'योग्य ते मानधन दिले जाईल.' ते पत्र वाचून सौभाग्यवतीने पुन्हा एकदा सुस्कारा सोडला आहे.