धमकी आणि घाव यांच्यामधले दिवस

प्रति,
मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र राज्य मानवी हक्क आयोग, मुंबई

महोदय,

मानवी हक्कांसाठी झटणाऱ्यांच्या जिवाचा विषय निघाला की आपल्याकडे बस्तर, काश्मीर, फार तर गडचिरोली आठवते. तिथले संकट खरेच आहे. एका बाजूला खबऱ्या ठरण्याची भीती, दुसऱ्या बाजूला नक्षल समर्थक ठरण्याची. पण ज्या संघर्षात गणवेश नसतो, तो संघर्ष आपल्या नकाशावर येतच नाही. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातून घोड नदी वाहते, पुढे ती भीमेला मिळते आणि भीमा दौंडच्या अंगाने उजनीकडे जाते. या दोन्ही नद्यांच्या पात्रात यांत्रिक बोटी लावून वाळू उपसणे, महसूल खात्याने त्या बोटी जिलेटीनने उडवणे आणि काही दिवसांत नव्या बोटी पाण्यात दिसणे, हे इथल्या बातम्यांचे नेहमीचे चक्र आहे. वाळू गेली की पात्रात मुरणारे पाणी जाते, काठ ढासळतात, विहिरी तळाला जातात. म्हणजे वाळूबद्दल तहसीलदारांना अर्ज देणारा शेतकरी आपल्या गावच्या पाण्याचा हक्क राखत असतो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 9 डिसेंबर 1998 रोजी मानवी हक्क रक्षकांविषयीचा जाहीरनामा स्वीकारला. हक्कांसाठी शांततेने झटणारा कोणीही, एकटा असो वा इतरांसोबत, त्यात येतो. त्यासाठी संस्थेची नोंदणी लागत नाही की छापील ओळखपत्र.

माझे म्हणणे एवढेच आहे की अशा माणसाला मारेकरी गाठतो त्याच्या आधी बराच काळ त्याला यंत्रणेने एकटे पाडलेले असते, आणि आयोगाने लक्ष घालायचे ते त्या आधीच्या काळात. आमच्याच जिल्ह्यातले उदाहरण घ्या. 13 जानेवारी 2010 रोजी सकाळी फिरायला बाहेर पडलेल्या सतीश शेट्टी यांचा तळेगाव दाभाडे येथे खून झाला. मावळातले जमिनीचे संशयास्पद व्यवहार त्यांनी माहिती अधिकारातून उघड केले होते, जिवाला धोका आहे म्हणून पोलिस संरक्षणही मागितले होते. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तपास सीबीआयकडे गेला, 2014 मध्ये तो बंद करण्याचा अहवाल आला, पुढे पुन्हा उघडला गेला. मारेकऱ्यांना शिक्षा मात्र झालेली नाही. बीड जिल्ह्यात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख 6 डिसेंबर 2024 रोजी पवनचक्की प्रकल्पाच्या आवारातल्या मारहाणीत मध्ये पडले आणि 9 डिसेंबरला त्यांचे अपहरण करून खून झाला. तारखा पुन्हा पाहा. भांडण सगळ्यांना ठाऊक होते, माणसे ठाऊक होती, मध्ये तीन दिवस होते.

या मधल्या दिवसांत कायदा काय करतो? तक्रारदार ठाण्यात जातो, ‘बघून घेऊ, गाडीखाली घालू’ अशी धमकी आल्याचे सांगतो, आणि बहुतेक वेळा त्याच्या हातात ‘एनसी’ची प्रत पडते. अदखलपात्र नोंद म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांनी तपास करायचा नाही. धमकी देणाऱ्याला मात्र त्या कागदातून नेमका निरोप मिळतो: याने तक्रार केली आणि काही झाले नाही. शेजारच्या भांडणात, बांधाच्या वादात एनसी पुरते, कारण तिथे दोन्ही बाजू बरोबरीच्या असतात. वाळूच्या धंद्यात एका बाजूला हायवा, बोटी, रोख पैसा आणि वरचा वरदहस्त असतो. दुसऱ्या बाजूला एक अर्ज. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 126 नुसार शांतताभंगाची शक्यता असलेल्या व्यक्तीकडून कार्यकारी दंडाधिकारी बंधपत्र घेऊ शकतात. हे कलम यात्रा आणि निवडणुकीच्या तोंडावर सर्रास वापरले जाते. सार्वजनिक तक्रार करणाऱ्याला आलेल्या धमकीत ते का वापरले जाऊ नये, याचे उत्तर आजवर कोणी मागितलेले नाही.

दुसरी गोष्ट नावाची. अर्ज तहसील कार्यालयात येतो, ‘उचित कार्यवाहीसाठी’ म्हणून मंडलाधिकाऱ्याकडे, तिथून तलाठ्याकडे उतरतो, आणि प्रत्येक पायरीवर अर्जदाराचे नाव, गाव, मोबाइल क्रमांक सोबत असतो. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 11 खाली ज्याची माहिती मागितली आहे त्या त्रयस्थाला नोटीस द्यावी लागते. पण तिच्यात अर्जदाराचे नाव कळवा असे त्या कलमात कुठेही नाही. अर्जदाराला पत्त्याऐवजी टपालपेटी क्रमांक देता यावा, असे कलकत्ता उच्च न्यायालयाने 2013 मध्येच सुचवले आणि केंद्राने पुढच्या वर्षी ते सर्व खात्यांना कळवले. यातले काहीही करायला पैसा लागत नाही. जागल्यांच्या संरक्षणाचा केंद्रीय कायदा 9 मे 2014 रोजी राष्ट्रपतींच्या मंजुरीने कागदावर आला, पण तो अमलात आणण्याची अधिसूचना निघालीच नाही. त्यामुळे आज नाव गुप्त ठेवणे हा अधिकाऱ्याच्या मर्जीचा मामला आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो ‘आरटीआयवाल्यां’चा. अर्ज टाकायचा आणि पाकीट घेऊन मागे घ्यायचा, असा धंदा करणारे आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण हा आक्षेप नीट तपासला तर तो माझ्याच बाजूने उभा राहतो. खंडणीखोराला आपले नाव समोरच्यापर्यंत पोहोचलेले हवेच असते. नाव कळले नाही तर पैसे कोण देणार? मागितलेली माहिती सगळ्यांसाठी खुली झाली तर मागे घ्यायला त्याच्या हातात काही उरत नाही. माहिती मागणाऱ्यावर हल्ला झाला तर ती माहिती जाहीर करावी, असा ठराव केंद्रीय माहिती आयोगाने 2011 मध्येच केला आहे. तो हल्ल्याची वाट न पाहता, धमकी नोंदवली गेली की लगेच लागू व्हावा. मग माणूस संपवून कागद संपत नाही, हे धमकावणाऱ्यालाही कळेल.

दुसरा आक्षेप पोलिसांचा: प्रत्येक अर्जदाराला बंदूकधारी शिपाई कुठून द्यायचा? देऊ नका. कोलंबियात 2011 पासून यासाठी स्वतंत्र सरकारी यंत्रणा आहे, ती अंगरक्षक देते, चिलखती गाड्या देते. तरीही तिथे गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांचे खून थांबलेले नाहीत. शिपाई माणसाची राखण करतो, पण तक्रार त्या माणसाचीच खासगी बाब राहते. ती सरकारची व्हायला हवी. अवैध उपसा हा पंचनामा आणि खड्ड्याच्या मोजमापाने सिद्ध होतो. अर्ज कोणी दिला याला पुराव्यात जागा नाही. तहसीलदारांनी पहिल्या पाहणीनंतर स्वतः फिर्यादी व्हावे, म्हणजे मूळ अर्जदाराला गाठून काही साधणार नाही. महसूल कर्मचाऱ्यांवरही डंपर घातले जातात, याची मला जाणीव आहे. तो धोका एका शेतकऱ्याच्या माथी मारणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

कोणी म्हणेल, आणखी एक कायदा करा. पत्रकारांसाठी राज्याने 2017 मध्ये केला. 6 फेब्रुवारी 2023 रोजी राजापूरमध्ये, रिफायनरीविषयीची बातमी छापून आली त्याच दिवशी, पत्रकार शशिकांत वारिशे यांना गाडीखाली चिरडण्यात आले. हल्ल्यानंतर तीन वर्षांपर्यंतची शिक्षा सांगणाऱ्या कायद्याने हल्ल्याआधी काय करायचे, हे सांगितलेलेच नव्हते.

संशयाचा मुद्दाही टाळता येत नाही. कोरेगाव भीमा आमच्याच तालुक्यात आहे. 1 जानेवारी 2018 च्या हिंसाचारानंतर एल्गार परिषदेचा जो खटला उभा राहिला, त्यात जामिनाची वाट पाहत स्टॅन स्वामी 5 जुलै 2021 रोजी वारले. खटल्यावर निकाल न्यायालय देईल. मात्र तेव्हापासून मानवी हक्क कार्यकर्ता म्हटले की अनेक कार्यालयांत आधी भुवया उंचावतात. मी मागतो आहे ते संरक्षण माणसाच्या विचारांना नाही, त्याने कायदेशीर मार्गाने दिलेल्या तक्रारीला आहे. तक्रारदार कोणत्या विचाराचा, हे विचारण्याची गरजच त्यात पडत नाही.

शेवटचा प्रश्न आपल्या अधिकाराचा. वाळूवाला खासगी माणूस, त्याची धमकी मानवी हक्क आयोगाच्या कक्षेत कशी, असे विचारले जाईल. 1993 च्या मानवी हक्क संरक्षण कायद्याचे कलम 12 आयोगाला स्वतःहून चौकशीचा अधिकार देते, आणि तो हक्कभंगापुरता नाही. हक्कभंग रोखण्यात लोकसेवकाने केलेली हयगयही त्यात स्पष्ट लिहिली आहे. एनसी देऊन गप्प बसलेले ठाणे आणि अर्जदाराचे नाव बाहेर जाऊ देणारे कार्यालय यांच्यासाठी याहून नेमके शब्द मला सापडले नाहीत. आयोगाच्या शिफारशी बंधनकारक नसतात, खरे. पण त्यावर काय केले हे सरकारला एका महिन्यात कळवावे लागते, आणि आयोगाला ते प्रसिद्ध करता येते. वर्षापूर्वीच्या घटनेत आपल्याला हात घालता येत नाही, म्हणून माझी मागणी गेल्या वर्षभरापुरती आहे. शिरूर आणि दौंड तहसील कार्यालयांकडून वाळूविषयीच्या तक्रारी किती आल्या आणि त्या कोणकोणत्या टेबलांवरून फिरल्या, ते मागवावे. पुणे ग्रामीण पोलिसांकडून अशा तक्रारदारांनी नोंदवलेल्या धमक्या, त्यांतल्या किती एनसीवर थांबल्या आणि किती प्रकरणांत बंधपत्र घेतले गेले, ते मागवावे. आणि हे सर्व मागवताना तक्रारदारांची नावे झाकूनच पाठवावीत, असे आदेशात लिहावे.

आपला,
कवठे येमाई, ता. शिरूर येथील एक नागरिक