विश्लेषण : विंडोज अपग्रेड केले अन् डीव्हीडी ड्राइव्ह गायब… असे का होते? उपाय काय?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित मोफत सपोर्ट थांबवला. सुरक्षेचे अपडेट मिळत राहावेत म्हणून अनेकांनी घरचे संगणक विंडोज ११ वर नेले. मात्र अशा अपग्रेडनंतर एक जुनी तक्रार पुन्हा डोके वर काढते. कालपर्यंत चालणारा डीव्हीडी ड्राइव्ह ‘धिस पीसी’मध्ये दिसेनासा होतो. लग्नाचे किंवा आजी-आजोबांचे चित्रीकरण ज्यांच्याकडे केवळ डीव्हीडीवर आहे, त्यांच्यासाठी ही बाब किरकोळ नाही. ड्राइव्ह खराब झाला असे समजून नवा विकत घेण्यापूर्वी काय तपासावे?

दोष यंत्राचा की विंडोजचा?

सर्वप्रथम ड्राइव्हचे बटण दाबून पाहावे. ट्रे बाहेर येत असेल तर वीजपुरवठा सुरू आहे. त्यानंतर संगणक सुरू होताना बायोसमध्ये ड्राइव्हचे नाव दिसते का, ते पाहावे. तिथेही नाव नसेल तर केबल सैल असणे किंवा ड्राइव्ह बिघडणे ही कारणे संभवतात. बायोसमध्ये नाव आहे, पण विंडोजमध्ये नाही, तर दोष बहुधा सॉफ्टवेअरचा असतो. यूएसबीवर चालणारा ड्राइव्ह असल्यास तो हबमध्ये न लावता थेट संगणकाच्या पोर्टला जोडावा. हबमधून अनेकदा पुरेशी वीज मिळत नाही.

अपग्रेडनंतरच असे का घडते?

डिस्कवर माहिती लिहिणारी अनेक सॉफ्टवेअर विंडोज आणि ड्राइव्ह यांच्यामध्ये आपला एक छोटा मध्यस्थ बसवतात. त्याला फिल्टर ड्रायव्हर म्हणतात. त्याची नोंद रजिस्ट्रीमध्ये ‘अपरफिल्टर्स’ आणि ‘लोअरफिल्टर्स’ या नावांनी होते. अपग्रेडमध्ये जुना मध्यस्थ निकामी होतो किंवा काढला जातो, पण नोंद तशीच राहू शकते. मग विंडोज नसलेल्या मध्यस्थाला शोधत बसते आणि ड्राइव्ह सुरूच करत नाही. अशा वेळी डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हच्या नावापुढे पिवळे चिन्ह आणि १९, ३१, ३२, ३९ किंवा ४१ यांपैकी एक कोड दिसतो.

उपाय कोणत्या क्रमाने करावेत?

आधी सोपा उपाय करावा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हच्या नावावर राइट क्लिक करून ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ निवडावे आणि संगणक रीस्टार्ट करावा. विंडोज ड्राइव्ह नव्याने ओळखते. तरीही तोच कोड दिसला तर रजिस्ट्रीकडे वळावे लागते. त्यातील ‘कंट्रोल’खालच्या ‘क्लास’ विभागात ‘४डी३६ई९६५’ने सुरू होणारी की शोधावी. उजवीकडे ‘क्लास’समोर ‘सीडीरॉम’ लिहिले आहे, याची खात्री करावी. ‘एक्स्पोर्ट’ करून प्रत जपून ठेवावी आणि मगच त्या कीमधील दोन्ही फिल्टर नोंदी काढून रीस्टार्ट करावे. डिस्क लिहिण्याचे सॉफ्टवेअर त्यानंतर पुन्हा इन्स्टॉल करावे लागू शकते.

धोका कुठे आहे?

याच विभागात कीबोर्ड, माउस आणि हार्ड डिस्क यांच्याही की आहेत आणि त्यांची नावे एखाद्या अक्षराच्या फरकाने सारखीच दिसतात. कीबोर्डची ‘अपरफिल्टर्स’ नोंद काढली तर कीबोर्डच बंद पडतो. हार्ड डिस्कची काढली तर विंडोज सुरू न होण्याची वेळ येते. त्यामुळे खात्री नसेल तर जाणकाराची मदत घ्यावी. अपग्रेड होऊन दहा दिवस उलटले नसतील तर सेटिंग्जमधील ‘गो बॅक’ने जुन्या विंडोजवर परतण्याचा मार्गही सहसा खुला असतो.

ड्राइव्ह दिसतो, पण चित्रपट लागत नाही?

ही अडचण वेगळी आहे. डीव्हीडी चित्रपट चालवण्याची सोय मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासूनच मूळ प्रणालीतून काढली. विंडोज ११ मध्येही ती नाही. व्हीएलसीसारखा मोफत प्लेअर घेतला की काम होते. जुन्या गेमचे तसे नाही. सेफडिस्क या कॉपीविरोधी तंत्राचा ड्रायव्हर विंडोज १० पासून सुरक्षेच्या कारणास्तव चालत नाही. त्यामुळे असे गेम ड्राइव्ह ठणठणीत असूनही मूळ डिस्कवरून सुरू होत नाहीत.

ड्राइव्ह सुरू झाल्यावर काय?

स्टुडिओतून मिळालेल्या बहुतेक डीव्हीडी लिहिण्यायोग्य डिस्कवर असतात. त्यांतील रंगद्रव्याचा थर ऊन, उष्णता आणि दमटपणामुळे हळूहळू खराब होतो. बाजारातील बहुतेक नव्या लॅपटॉपमध्ये तर हा ड्राइव्ह नसतोच. म्हणून ड्राइव्ह पुन्हा सुरू झाला की आधी डिस्कवरील सर्व फाइल हार्ड डिस्कवर उतरवाव्यात आणि आणखी एक प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी. ड्राइव्ह बाजारात नवा मिळतो, डिस्कवरचे चित्रीकरण मात्र पुन्हा मिळत नाही.