संवादकौशल्याची कार्यशाळा आणि रात्रपाळीची सिस्टर

रुग्णालयात परिचारिका आणि डॉक्टर यांच्यात, किंवा परिचारिका आणि रुग्णाचे नातेवाईक यांच्यात खटका उडाला की आपल्या प्रशासनाकडे एक ठरलेला उपाय असतो. परिचारिकांसाठी एक दिवसाची कार्यशाळा भरवायची. विषयही ठरलेले असतात: प्रभावी संवाद, नेतृत्वविकास, संघर्ष-व्यवस्थापन. दीपप्रज्वलन होते, कुणी व्यवस्थापनशास्त्राचे प्राध्यापक पडद्यावर आकृत्या दाखवतात, हसतमुख राहण्याचे महत्त्व सांगितले जाते, चहा-बिस्किटे होतात, छायाचित्र निघते. खर्चाची फाईल माझ्यासारख्या वित्त विभागातील अधिकाऱ्याकडे येते आणि रक्कम किरकोळ असल्याने लगेच मंजूर होते. अशा किती फायलींवर मी सही केली याची मोजदाद मी ठेवलेली नाही. आज मात्र मला स्पष्टपणे म्हणावयाचे आहे की ही कार्यशाळा बहुतेक वेळा प्रश्नाचे उत्तर नसते, प्रश्न टाळण्याची सोय असते. आपल्या परिचारिकांना बोलता येत नाही, हे दुखणे नव्हे. त्या बोलतात तेव्हा ते ऐकून त्यावर कृती करण्याची जबाबदारी कुणावरच नाही, हे दुखणे आहे.

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी उत्तर भारतातील एका सरकारी रुग्णालयाचा वित्त व आस्थापना विभाग माझ्याकडे होता. मेडिसिनचा वॉर्ड, रात्रपाळी. खाटा छत्तीस, रुग्ण त्याहून अधिक, आणि सिस्टर एकच. मध्यरात्रीनंतर एका रुग्णाचा रक्तदाब उतरू लागला. तिने निवासी डॉक्टरांना फोन केला. ते आपत्कालीन विभागात अडकले होते. त्यांनी फोनवरूनच एक औषध सुरू करावयास सांगितले. ती म्हणाली, "सर, येऊन एकदा रुग्ण बघा, आणि आदेश केसपेपरवर लिहून द्या." पुढल्या पाऊण तासात तिने आणखी दोन वेळा फोन केला आणि प्रत्येक फोनची वेळ नोंदवहीत लिहून ठेवली. डॉक्टर आले तेव्हा नातेवाइकांसमोरच शब्दाला शब्द लागला. रुग्ण सुदैवाने वाचला. सकाळी तिला त्या वेळांची नोंद खोडण्यास सांगण्यात आले. तिने नकार दिला. दुसऱ्या दिवशी तिच्याविरुद्ध उद्धट वर्तन आणि आदेशाची अवज्ञा अशी लेखी तक्रार दाखल झाली.

तिला तीन दिवसांत खुलासा मागणारा मेमो गेला. डॉक्टरांना मेमो गेला नाही. चौकशी समितीत आम्ही तिघे होतो, दोन वरिष्ठ डॉक्टर आणि मी. अधिसेविका, म्हणजे रुग्णालयाच्या मेट्रन, बाहेर बाकावर बसून होत्या. गरज पडल्यास त्यांना आत बोलवायचे ठरले होते. गरज पडली नाही. आमच्या अहवालाचा सारांश असा: अवज्ञेचा आरोप सिद्ध होत नाही, तथापि संबंधित परिचारिकेने संवादकौशल्य सुधारणे आवश्यक आहे, प्रशासकीय सोयीसाठी तिची बदली निर्जंतुकीकरण विभागात करावी, आणि सर्व परिचारिकांसाठी कार्यशाळा आयोजित करावी. त्या अहवालावर माझी सही आहे. चार महिन्यांनी तिचा राजीनामा माझ्याच टेबलावर आला. ती आयर्लंडला निघाली होती.

आता एक नियम पाहू. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ यांतील तिसरा नियम सांगतो की वरिष्ठाचा आदेश सामान्यतः लेखी असावा. तोंडी आदेश शक्यतो टाळावा. तो अपरिहार्य असेल तर वरिष्ठाने लगेच त्याची लेखी पुष्टी करावी. आणि तोंडी आदेश मिळालेल्या कर्मचाऱ्याने लवकरात लवकर अशी पुष्टी मागावी. पुष्टी मागणे हा कनिष्ठाचा हक्कच नव्हे, तर कर्तव्य आहे. या नियमाचा आधार मी स्वतः कितीतरी वेळा घेतला आहे. वरिष्ठांनी फोनवर काही करावयास सांगितले की मी अदबीने एक टिपण पाठवतो, "चर्चेनुसार कार्यवाही करीत आहे, कृपया पुष्टी व्हावी." याला आमच्याकडे दक्ष अधिकारी म्हणतात. त्या रात्री सिस्टरने नेमके हेच केले होते. तिला आम्ही उद्धट म्हटले. चौकशीत हा नियम मला आठवला नाही, आणि याची मला आजही लाज वाटते.

यावर वैद्यकीय क्षेत्रातील मित्र म्हणतील की आणीबाणीत कागदाची वाट पाहत बसलो तर रुग्ण दगावेल. मान्य आहे. नियमही तेच मान्य करतो. म्हणून तर तो 'नंतर लगेच' असे म्हणतो. फोनवरचा आदेश परिचारिकेने पुन्हा वाचून दाखवावा, दुसऱ्या परिचारिकेने तो ऐकावा आणि डॉक्टरांनी ठरावीक वेळेत सही करावी, ही पद्धत वैद्यकजगताला चांगली ठाऊक आहे. पण दुसऱ्या परिचारिकेने ऐकावे यासाठी वॉर्डात दुसरी परिचारिका असावी लागते.

इथे माझ्या विभागाचा दोष सुरू होतो. भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण अध्यापन रुग्णालयांसाठी दर तीन खाटांमागे एक परिचारिका असे आहे, म्हणजे प्रत्येक पाळीत साधारण नऊ खाटांमागे एक. त्या हिशेबाने छत्तीस खाटांना रात्री चार जणी हव्यात. वित्त मंत्रालयाच्या कर्मचारी निरीक्षण एककाचे, ज्याला आम्ही एसआययू म्हणतो, नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीचे प्रमाण साध्या वॉर्डासाठी सहा खाटांमागे एक असे अधिक काटकसरीचे. त्यानुसारही पाळीला दोन जणी येतात. आमच्याकडे होती एक. मंजूर पदे रिक्त होती आणि रिक्त पदांचे न दिलेले वेतन माझ्या ताळेबंदात बचत म्हणून दिसत होते. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला कळावयास हवे होते की ती बचत नव्हती. तो खर्च फक्त सरकारी खात्यातून त्या एका बाईच्या खात्यावर वळवला गेला होता. एक माणूस चार माणसांचे काम करतो तेव्हा त्याचा आवाज चढतो. आम्ही त्या चढलेल्या आवाजावर प्रशिक्षण देतो.

नेतृत्वाविषयीही असेच. अधिसेविका ड्यूटीचे वेळापत्रक लावतात, पण भरती त्यांच्या हाती नाही, अंदाजपत्रक नाही, आणि वॉर्ड तुडुंब भरला असता नवे रुग्ण थांबवण्याचा किंवा अन्यत्र पाठवण्याचा अधिकारही नाही. जबाबदारी पूर्ण, अधिकार शून्य. केंद्रीय रुग्णालयांत स्टाफ नर्सला आता नर्सिंग ऑफिसर म्हणतात, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु नामपट्टी बदलल्याने चौकशी समितीत खुर्ची मिळतेच असे नाही.

नेतृत्वाची क्षमता परिचारिकांत नाही असे कुणी म्हणू नये. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ मध्ये तिथल्याच एका सफाई कामगाराने अमानुष हल्ला केला. त्यानंतर २०१५ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत, ४२ वर्षे, त्या रुग्णालयातील परिचारिकांनी त्यांचा सांभाळ केला. पहिल्या पिढीतील परिचारिका निवृत्त झाल्या, पुढच्या पिढीने काम उचलले. हे कोणत्याही परिपत्रकाने घडलेले नव्हते. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे दयामरणाचा प्रश्न आला तेव्हा अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कुणाचा हे ठरवावे लागले. न्यायालयाने तो याचिकाकर्तीचा नव्हे, तर केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. याउलट ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यातील एका तरुण डॉक्टरच्या बलात्कार व हत्येनंतर त्याच न्यायालयाने वैद्यकीय व्यावसायिकांच्या सुरक्षिततेसाठी राष्ट्रीय कृती दल नेमले. त्यात नामवंत डॉक्टर होते, पदसिद्ध सदस्य म्हणून केंद्राचे ज्येष्ठ सचिव होते. रात्रभर वॉर्डात राहणाऱ्या परिचारिकांपैकी एकही त्यात सदस्य नव्हती. हेतू निःसंशय चांगला होता. पण चांगल्या हेतूच्या यादीतही ज्यांचे नाव सुचत नाही, त्यांची आपल्या व्यवस्थेतील जागा कोणती हे त्यावरून कळते.

अल्बर्ट हिर्शमन या अर्थतज्ज्ञाने १९७० मध्ये एक साधा विचार मांडला. संस्था बिघडू लागली की तिच्यातील माणसापुढे दोन वाटा असतात: आवाज उठवणे किंवा बाहेर पडणे. आवाजाची वाट बंद केली की बाहेरची वाट रुंद होते. आमच्या सिस्टरने प्रथम आवाज उठवला होता, नोंदवहीत, वेळेसह. मग ती बाहेर पडली. आखाती देश, ब्रिटन, आयर्लंड येथे गेलेल्या परिचारिकांचा आपण अभिमानाने उल्लेख करतो, पण त्या केवळ पगारासाठी गेल्या असे गृहीत धरतो. पगार महत्त्वाचा आहेच. मात्र ब्रिटनमध्ये मिड-स्टॅफर्डशायर रुग्णालयातील हलगर्जी उघडकीस आल्यावर, २०१५ च्या अहवालानंतर, कर्मचाऱ्यांनी निर्भयपणे बोलावे यासाठी रुग्णालयांत स्वतंत्र पालक नेमण्यात आले. आपण कार्यशाळा नेमतो.

ज्यांना बाहेर पडता येत नाही त्यांच्यासाठी न्यायालय किंवा संप एवढेच उरते. २०११ मध्ये मुंबईतील एका खासगी रुग्णालयात केरळच्या एका तरुण परिचारिकेने आत्महत्या केली. त्यानंतर सक्तीचे करारपत्र आणि अडकवून ठेवलेली प्रमाणपत्रे यांविरुद्ध ठिकठिकाणी असंतोष उफाळला आणि केरळात परिचारिकांची नवी संघटना उभी राहिली. जानेवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला समिती नेमावयास सांगितले. समितीने लहान खासगी रुग्णालयांतही किमान २०,००० रुपये वेतनाची शिफारस केली. केरळ सरकारने २०१८ मध्ये तशी अधिसूचना काढली. डिसेंबर २०२० मध्ये, साथीच्या काळात, दिल्लीच्या एम्समधील परिचारिका संपावर गेल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयाने तो संप रोखला. त्यांच्या मागण्यांत सहाव्या वेतन आयोगापासूनची, म्हणजे दशकाहून जुनी, वेतनातील विसंगती होती. संप योग्य की अयोग्य यावर वाद होऊ शकेल. पण तक्रार एवढी वर्षे मुरली ती कुणाच्या टेबलावर, हा प्रश्न संपकऱ्यांना विचारण्याचा नाही.

यंत्रणा नाही असेही नाही. केंद्र सरकारने १९६६ मध्ये संयुक्त सल्लागार यंत्रणा उभी केली. राष्ट्रीय, विभागीय आणि कार्यालयीन अशा तिच्या तीन पायऱ्या आहेत. वेतन व भत्ते, आठवड्याचे कामाचे तास आणि रजा या विषयांवर मतभेद राहिल्यास लवादाचीही तरतूद आहे. मी होतो त्या रुग्णालयात कार्यालयीन परिषदेची शेवटची बैठक केव्हा झाली, हे फायलीतून शोधावे लागले होते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सगळ्या परिचारिका सोशिक असतात असे नाही. ज्येष्ठ सिस्टर नव्या मुलींना छळतात, नावडतीच्या वाट्याला सलग रात्रपाळ्या येतात, आयांवर आणि गरीब रुग्णांवर खेकसणे चालते. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे आणि त्याचे समर्थन करणार नाही. पण ज्या उतरंडीत वरून फक्त आदेश येतात, तिच्या खालच्या पायरीवरही आदेशच पोचतात.

मग करावे काय? माझ्या मते चार गोष्टी, आणि त्यांतील तीन जवळपास बिनखर्चाच्या. पहिली, तोंडी आदेशावर ठरावीक तासांत सही झालीच पाहिजे. न झाल्यास खुलासा आदेश देणाऱ्याकडून मागावा. दुसरी, रुग्ण खालावत असून निवासी डॉक्टर येत नसतील तर परिचारिकेने थेट वरिष्ठ डॉक्टरांना फोन करावा आणि त्याबद्दल तिला कधीही मेमो जाऊ नये. तिसरी, परिचारिकेविरुद्धच्या प्रत्येक चौकशीत अधिसेविका पूर्ण सदस्य असाव्यात, आणि कार्यालयीन परिषदेची बैठक ठरल्या दिवशी होऊन तिचे इतिवृत्त वॉर्डात लागावे. चौथी खर्चाची: रिक्त पदे भरा. एवढे झाल्यावर कार्यशाळा जरूर घ्या, मात्र डॉक्टर आणि परिचारिका यांना एका बाकावर बसवून.

आपण घरापासून दूर राहणारे लोक आहोत. भोपाळ, कोलकाता किंवा हैदराबादच्या रुग्णालयात रात्री दोन वाजता आपल्याजवळ मामा-काका नसतात. असते ती स्वतःचे गाव सोडून आलेली, आपल्यासारखीच परभाषेत काम चालवणारी एक सिस्टर. तिचे म्हणणे ऐकले जाते की नाही, यावर त्या रात्री आपला जीव अवलंबून असतो. म्हणून माझ्या वाचकांपैकी जे प्रशासनात आहेत त्यांना एकच विनंती. परिचारिकांच्या संवादकौशल्याच्या कार्यशाळेची फाईल पुढे आली की सही करण्यापूर्वी तिच्यावर एक प्रश्न लिहावा: मागील बैठकीत परिचारिकांनी काय सांगितले होते, आणि त्यावर काय कार्यवाही झाली? उत्तर येईपर्यंत फाईल परत पाठवावी. मी ती वेळीच परत पाठवली नव्हती.